शिळा बुक्का

आमच्या तरडगावच्या घरी देव्हाऱ्यात बुक्क्याची एक जर्मनची डबी आहे. तिच्यातला बुक्का कायम एक वर्ष शिळा. परभणीकडची एक दिंडी दर आषाढात एका रात्रीसाठी आमच्या अंगणात उतरते. त्या दिंडीतल्या अक्कांच्या हाती जिजी, म्हणजे माझी आजी, सव्वा रुपया आणि मूठभर तांदूळ फडक्यात बांधून द्यायची. अक्का ती पुरचुंडी पंढरपुरात पोचवायच्या, तिथून बुक्क्याची पुडी घ्यायच्या, आणि ती पुडी आमच्या दारात यायला पुढचा आषाढ उजाडायचा. परतीला जो तो मिळेल त्या एसटीनं आपापल्या गावाला जातो, मधे तरडगावला कोण कशाला उतरतंय!

"जिजी, वास उडालाय गं याचा," असं मी लहानपणी म्हणायचे.

"तुझ्या नाकाचा उडालाय," म्हणायची आणि कपाळाला बोट टेकवायची.

ही बाई उभ्या जन्मात पायी वारीला गेली नाही. माऊलींची पालखी लोणंदहून निघून चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण करून संध्याकाळी तरडगावात मुक्कामाला येते, ती आमच्या घरापासून हाकेच्या अंतरावर. सहा लेकरं, सासरे अंथरुणाला, गोठ्यात चार जनावरं आणि त्या रात्री अंगणात दीडशे माणूस. पहाटे तेच दीडशे जण फलटणच्या वाटेला लागायचे, की ही खरकटी भांडी घेऊन बसायची. मी एकदा विचारलं, तुला नाही का वाटत जावंसं? म्हणाली, "वारी रस्त्यानं जाती, मी रस्त्यातच हाय. आणिक फुडं कुठं जाऊ?" पंढरपूर तिनं एकदाच पाहिलं, तेही कार्तिकीला एसटीनं. त्याच रात्री परत आली, कारण म्हैस व्यायला झाली होती.

गेल्या माघात जिजी गेली. शहाऐंशी वर्षांची होती. आषाढात मी ऑफिसात रजा टाकली आणि दिंडीच्या बुवांना फोन केला. "जिजींची नात का? या की! भिशी नका भरू," म्हणाले, म्हणजे दिंडीतल्या जेवणखाणाची वर्गणी. मी भरली. फुकट चालले असते तर जिजीनं वरून शिव्या घातल्या असत्या.

आळंदीचं प्रस्थान काही जमलं नाही, पुण्यातून निघाले. पुणे ते सासवड ही वाट सगळ्यात लांब, तीसेक किलोमीटर, त्यात दिवेघाट, त्यात एकादशीचा उपास. केळी आणि राजगिऱ्याच्या लाडवावर घाट चढायचा. टीव्हीवर हेलिकॉप्टरमधून दाखवतात तो घाट सुंदर असतो. खालून तो म्हणजे पुढच्याची पाठ, मागच्याचा टाळ, कडेला ओल्या मातीतून निसटणारी चप्पल, आणि रथाला जुंपलेल्या जादा बैलजोड्या वळणावर आल्या की पुढून मागे पसरत येणारा "माऊली, माऊली" असा कल्लोळ. वारीत नवखी असले तरी मला सगळे माऊलीच म्हणत होते. पोलीसही म्हणत होता, "माऊली, कडेनं चला."

सासवडच्या तंबूत बूट काढले तर दोन्ही टाचांना रुपयाएवढाले फोड. सुईत दोरा ओवून अक्कांनी तो फोडातून आरपार काढला आणि दोऱ्याची दोन्ही टोकं तशीच लोंबती ठेवली, म्हणजे पाणी झिरपत राहतं. वर खोबरेल तेलात कालवलेली हळद. जिजी अशीच करायची, ओसरीवर अनोळखी माणसांचे पाय मांडीवर घेऊन. मला त्या पायांची किळस यायची, आणि तेल-हळदीची वाटी धरायला मात्र मलाच बसवायची. अक्का आता सत्तरीच्या पुढे आहेत. फोड फोडताना त्या जिजीबद्दल एक अक्षर बोलल्या नाहीत. दोरा दातानं तोडून एवढंच म्हणाल्या, "भाकरी लई पातळ करायची बुढी."

जेजुरीला भंडाऱ्यात न्हालो, वाल्ह्याला पाऊस खाल्ला. तंबूत पाणी शिरलं तेव्हा बारा बायका एका ताडपत्रीवर उकिडव्या बसून राहिल्या आणि कुणी तरी गौळण म्हणायला सुरुवात केली. हे वाचायला छान वाटतं. मला त्या वेळी घरी जायचं होतं.

तळावरच्या समाजआरतीबद्दल मात्र नीट सांगायला हवं. संध्याकाळी पालखी तळावर आली की सगळ्या दिंड्या तिच्याभोवती गोल उभ्या राहतात, टाळ-मृदंग टिपेला पोचलेला. चोपदार उंच जागी उभा राहून चोप वर करतो आणि हजारो टाळ एका क्षणात थांबतात. मग सापडलेल्या वस्तू पुकारतात: कुणाचं पैशाचं पाकीट, कुणाचा चष्मा, कुणाची म्हातारी. पण एखाद्या दिंडीची काही तक्रार असेल, तर ती दिंडी टाळ थांबवत नाही. सगळीकडे चिडीचूप आणि एका कोपऱ्यातून छन्न छन्न चालूच. चोपदार त्यांच्याकडे जातो, गाऱ्हाणं ऐकून घेतो. त्या दिवशी एका दिंडीच्या नेमून दिलेल्या जागेवर दुसऱ्यांनी तंबू ठोकला होता. तिथल्या तिथं निवाडा झाला, त्यांचे टाळ थांबले, मगच आरती. हैबतबाबा आरफळकरांनी एकोणिसाव्या शतकात या सोहळ्याला शिस्त घालून दिली. आरफळ आमच्याच सातारा जिल्ह्यातलं, त्यामुळे जिजी त्यांच्याबद्दल शेजारच्या गल्लीतल्या माणसासारखं बोलायची. "हैबतबाबा म्हंजे शिंद्यांकडं सरदारी केल्याला माणूस. त्याला ठावं हुतं, मानसं चाललीत म्हंजे भांडनारच."

तिचीही एक समाजआरती असायची. पालखीच्या आदल्या रात्री मुंबई-पुण्याहून आलेली सगळी मुलं, सुना, नातवंडं ओसरीवर बसवायची. मधे कंदील, पुढे वीज आल्यावरही कंदीलच. "ज्याचं काय आसंल ते आत्ता बोला. उद्या माऊली दारात आसताना कुनाचं त्वांड वाकडं दिसलं, तर त्याला भाकरी न्हाई." मग निघायचंच काही ना काही. धाकटीला मागच्या दिवाळीला कुणी काय बोललं, थोरल्यानं कुणाचे पैसे किती महिने थकवले. आवाज चढायचे, बायका डोळ्याला पदर लावायच्या. जिजी ऐकता ऐकता लसूण सोलत असायची. सोललेल्या लसणाचं ताट भरलं की उठायची: "झालं? आता निजा."

आमच्या घराच्या वाटण्या झाल्यालाही आता बरीच वर्षं झाली. अंगणात मधोमध विटांची एक रांग आहे, भिंत नाही, नुसती रांग. वडील अलीकडे, चुलते पलीकडे. विहिरीच्या पाळीवरून दोघांचं बोलणं बंद. तरी पालखीचं चुलवण जिजी दरवर्षी त्या विटांच्या रांगेवरच खणून घ्यायची, निम्मं इकडे, निम्मं तिकडे. तेराव्यानंतर भावांनी तिच्या वस्तू वाटल्या. सोन्यावरून भांडण झालं नाही, काहिलीवरून झालं. वर्षात एकदाच लागणारी ती तांब्याची भली मोठी काहील चुलत्यांकडे गेली. लाकडी काटवटी आणि तीन मोठे तवे आमच्याकडे आले. म्हणजे पिठलं त्यांच्याकडे शिजणार आणि भाकरी आमच्याकडे होणार. मला वाटलं होतं, हे आपोआपच जुळेल.

नीरा नदीत माऊलींच्या पादुकांना स्नान घालून पालखी साताऱ्याच्या हद्दीत आली, तसं मला चालवेना. पायांमुळे नव्हे. आईचा फोन आला होता. "वर्षाच्या आत सण करत न्हाईत, करायचं का जेवण?" असं तिनं वडिलांना विचारलं होतं. वडील म्हणाले, पालखी काय सण आहे का? इथवर ठीक होतं. मग आईनं आवाज बारीक करून सांगितलं, "ह्यांनी मंडपवाल्याकडनं काहील आणलीया. भाड्यानं."

चांदोबाच्या लिंबाला माणसांच्या दोन भिंतींमधून अश्व धावले. पुढचा जरीपटका घेतलेल्या स्वाराचा, मागचा माऊलींचा, रिकाम्या पाठीचा. टापांखालची माती कपाळाला लावायला झुंबड उडाली, मीही वाकले. लहानपणी याच रिंगणाला जिजीच्या काखेत बसून आले होते, असं आई सांगते. मला त्यातलं आठवतो तो फक्त तिच्या पदराचा धुराचा वास.

संध्याकाळी दिंडीबरोबर माझ्याच घराच्या फाटकातून आत शिरले. विटांच्या रांगेच्या अलीकडे एक चुलवण, पलीकडे दुसरं, मधे दहा पावलांचं अंतर. दोन्हींवर काहिली रटरटत होत्या. चुलतीनं तवे मंडपवाल्याकडूनच आणले असणार. इकडे बारा पायल्या शाळूच्या पिठाच्या भाकरी, तिकडेही तेवढ्याच. तीनशे माणसांचं जेवण आणि दीडशे वारकरी. आईनं माझ्या पायावर गरम पाणी ओतलं. "वाळलीस," म्हणाली. मी कुंपणाच्या आतली की बाहेरची, हे तिला आणि मलाही नीट कळत नव्हतं. वडिलांनी मला वारकऱ्याला करतात तसा वाकून नमस्कार केला आणि लगेच कावरेबावरे होऊन पाण्याचा टँकर बघायला गेले.

तळावरची समाजआरती झाली, माणसं अंगणात परतली. बुवांनी हरिपाठ घेतला. शेवटचं "ज्ञानोबा माऊली तुकाराम" झालं, मृदंग थांबला, वीणा थांबली. अक्कांचे टाळ थांबले नाहीत.

त्या ओसरीच्या कडेला पाय सोडून बसल्या होत्या, जिजी बसायची तिथंच, आणि सावकाश टाळ वाजवत होत्या. आधी पोरं हसली. मग कुणी हसेना. तरडगावात जन्मलेल्या माणसाला न थांबलेल्या टाळाचा अर्थ सांगावा लागत नाही.

वडील हातातलं उलथनं घेऊनच पुढे आले. "काय झालं अक्का?"

"गाऱ्हाणं हाय."

"बोला."

"म्हातारी गेली ते ऐकलं. पंगती दोन कशापायी? मी इकडं बसू का तिकडं बसू?"

वडील काही बोलले नाहीत. उलथन्याला चिकटलेलं पीठ नखानं खरवडत राहिले. पलीकडून चुलत्यांचा आवाज आला, कुणाला उद्देशून ते कळलं नाही: "एकच बसवा की. कुनी नगं म्हटलंय?"

अक्कांनी टाळ पिशवीत ठेवले.

विटांच्या रांगेच्या दोन्ही बाजूंना पत्रावळ्या मांडल्या. भाकरी वडिलांनी वाढल्या, पिठलं चुलत्यांनी. दोघे एकमेकांशी बोलले नाहीत. पण चुलत्यांच्या बादलीतलं संपलं तेव्हा वडिलांनी पोराला हाक मारली, "आमच्या काहिलीतलं दे त्यांना." आई आणि चुलती तव्याशी शेजारी शेजारी बसल्या होत्या आणि खर्ड्यात मीठ कमी पडलंय की जास्त यावर वाद घालत होत्या. मी भाकरीचा तुकडा मोडला. जाड होती. उरलेल्या भाकऱ्या रात्री तळावर वाटल्या, तरी दोन दुरड्या राहिल्याच.

पहाटे निघताना आईनं पुरचुंडी अक्कांकडे नाही, माझ्याकडे दिली. सव्वा रुपया आता जमवणं अवघड. चार आण्याचं नाणं तिनं जिजीच्या बटव्यातून शोधून काढलं होतं.

पुढचा रस्ता चालत गेला. सदाशिवनगरला गोल रिंगण, वेळापूर, वाखरीला एकत्र येणाऱ्या सगळ्या पालख्या. एकादशीला चंद्रभागेत पाय बुडवले, नामदेव पायरीपाशी पुरचुंडी ठेवली, कळसाला हात जोडले आणि दर्शनाच्या रांगेला न लागता मागे फिरले. रांगेची लांबी बघून धीर सुटला, खरं कारण एवढंच. मंदिराजवळच्या गल्लीतून बुक्का घेतला. दुकानदारानं ढिगातून चमच्यानं काढून कागदाच्या पुडीत बांधून दिला. एवढा दरवळ असतो त्याला, हे मला माहीत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी फलटणमार्गे तरडगावला उतरले. अंगणातली दोन्ही चुलवणं अजून बुजवली नव्हती, पावसाचं पाणी साचून त्यांची डबकी झाली होती. मी पुडी आईच्या हातात दिली. तिनं कागद न सोडता नाकाशी नेली, डोळे मिटले. मग देव्हाऱ्यातली जर्मनची डबी उघडली. आत गेल्या वर्षीचा बुक्का तळाला होता. त्यातला चिमूटभर तिनं माझ्या कपाळाला लावला, डबी बंद केली आणि नवी पुडी तशीच देवांच्या मागे सारून ठेवली.

"ही आता नगं," म्हणाली. "अक्का आल्या की काढू."