बुंदीने इंजिन बंद करायला लावलं

बुंदीला गाडीची सवय आहे, पाण्याची अजिबात नाही. आमच्या कोल्हापूरच्या गल्लीतली ही गावठी कुत्री, अंगभर तांबूस ठिपके, वय चार. रंकाळ्यावर रोज फिरते, पण पाय भिजला की झटकून मागे सरते. तरी जानेवारीत बाबांना घेऊन फोंडा घाटाने मालवणला निघाले, तेव्हा तिला मागे ठेवायचं मनातसुद्धा आलं नाही.

देवबागला कुत्रं चालेल असं घर मिळायला सात फोन लागले. डॉल्फिन बघायला होडी मिळणं त्याहून अवघड. "घाण करील", "बाकीची माणसं घाबरतात", हेच सगळीकडे. शेवटी ज्यांच्याकडे उतरलो त्या वहिनींनी शेजारच्या काकांना बोलावलं. काका बुंदीसमोर उकिडवे बसले, हात हुंगायला दिला.

"चावत नाय मा?"

"नाही हो काका."

"मगे सकाळी सात वाजता येवा."

होडी मात्र पूर्ण आम्हीच घ्यायची, ही त्यांची अट. मला ती पटली. अनोळखी माणसांना कुत्र्याशेजारी बसायला लावणं बरोबर नाही. आणि सकाळच का, तर तेव्हा जमिनीकडून मतलई वारा असतो आणि पाणी शांत असतं. दुपारी खारा वारा सुटला की लाटा वाढतात.

पाठीवर धरायला मूठ असलेलं लाइफ जॅकेट मी आधीच आणलं होतं, चार दिवस घरात घालून सवय केली होती. पोट ढवळू नये म्हणून सकाळी खायला दिलं नाही. गोडं पाणी आणि वाटी बरोबर घेतली, कारण तहानेने कुत्रं खारं पाणी प्यायलं की उलट्या होतात. पट्टा होडीला बांधायला निघाले, तर काकांनी थांबवलं. होडी कलंडली तर बांधलेलं जनावर अडकतं. पट्टा हातातच धरायचा.

फायबरच्या गुळगुळीत तळावर बुंदीची नखं घसरायला लागली. पुढचे पाय फाकले, ती उभीच राहू शकेना. काकांनी एक गोणपाट समुद्रात बुडवून पिळलं आणि तिच्या पायाखाली अंथरलं. लगेच तिचे पंजे रुतले.

इंजिन सुरू झालं आणि ती थरथरायला लागली. शेपूट पोटाखाली, सारखी ओठ चाटत होती. कर्ली खाडी ओलांडून संगमाच्या बाहेर आलो. तिथे आधीच चार-पाच होड्या होत्या. कुठे डॉल्फिनच्या पाठीवरचा पर दिसला की सगळ्या तिकडे धावायच्या, पर बुडायचा, मग दुसरीकडे धाव. मला ते बघवत नव्हतं. डॉल्फिन आवाजावर जगतात. भक्ष्य शोधायचं तर आवाजाने, एकमेकांना हाक द्यायची ती आवाजाने. त्यांच्या डोक्यावर पाच इंजिनं म्हणजे काय होत असेल! 1972च्या वन्यजीव कायद्याने त्यांना सर्वोच्च संरक्षण दिलं आहे, पण पाण्यावर ते पाळायचं होडीवाल्यांनी आणि आपण.

काकांनी बुंदीकडे पाहिलं. "भियालाहा ता. बंद करतंय." होडी बाजूला घेऊन त्यांनी इंजिन बंद केलं. "आता गप ऱ्हवा. ते आपसून येतले."

नुसतं पाणी होडीला थापट्या मारत होतं. बाबांनी बुंदीच्या पाठीवर हात ठेवला, तिची थरथर हळूहळू कमी झाली. मग अचानक तिचे दोन्ही कान डावीकडे वळले. आम्हाला काहीच ऐकू आलं नव्हतं. दोन-तीन श्वासांनंतर फुस्स आवाज झाला आणि राखाडी पाठ वर आली, पाठीवर उंचवटा, त्यावर छोटासा पर. हम्पबॅक डॉल्फिन, काका गादा म्हणतात. किनाऱ्याजवळ, खाडीच्या तोंडाशी माशांमागे राहणारे हे. त्या डॉल्फिनच्या कुशीला चिकटून एक पिल्लू. आई एकदा वर आली की पिल्लू दोनदा. प्रत्येक वेळी आधी बुंदीचे कान वळायचे, मग आम्ही तिकडे बघायचो. ती एकदाही भुंकली नाही. किती वेळ गेला कळलं नाही. बाबांचे डोळे भरून आले होते, माझेही.

परत आल्यावर तिला गोड्या पाण्याने पंजांच्या फटींपर्यंत धुतलं.

वहिनींनी एक गोष्ट बजावून सांगितली: रात्री किनाऱ्यावर तिला मोकळं सोडायचं नाही. हे दिवस ऑलिव्ह रिडले कासविणींच्या अंडी घालण्याचे, आणि कुत्री घरटी उकरतात. कोकणात गावोगावची माणसं रात्र-रात्र जागून ही अंडी राखतात. माझ्या बुंदीच्या नाकामुळे त्यातलं एकही जायला नको. त्यामुळे तीन दिवस पट्टा हातातून सुटला नाही. ओहोटीला वाळूत सुकलेला केंड मासा पडलेला दिसला, तेव्हाही तो पट्टाच कामी आला. केंड विषारी असतो.

निघताना काकांनी ते गोणपाट वाळवून आमच्या गाडीत टाकलं. अजून त्याला समुद्राचा वास आहे. बुंदी आता त्यावरच झोपते.