गाजर गवत, पाठीवरच्या पट्ट्या आणि उशिरा येणारी ॲलर्जी

पावसाळा सरत आला की माझ्या पापण्या सुजायच्या. मग मान, कानामागची जागा, कोपराची घडी. कातडी आधी लाल, मग कोरडी आणि जाड व्हायची. रात्री खाजवून चादरीला रक्ताचे डाग पडायचे. सेटिरिझिन या ॲलर्जीच्या गोळीने गुंगी यायची, खाज जशीच्या तशी. रक्तातली आयजीई, म्हणजे ॲलर्जीत वाढणारी प्रतिपिंडं, तपासली, तीही नॉर्मल. शिरूर तालुक्यातल्या आमच्या शेतावर मी दर आठवड्याला जातो, पण तिथे असताना कधी काही झालं नाही. त्रास सुरू व्हायचा पुण्यात परतल्यावर, एक-दोन दिवसांनी.

त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी या उशिरावरच बोट ठेवलं. जेल आणि कूम्ब्ज या शास्त्रज्ञांनी १९६३ मध्ये ॲलर्जीसारख्या अतिसंवेदनशील प्रतिक्रियांचे चार प्रकार मांडले. शेंगदाणा खाल्ला आणि ओठ सुजले, हा पहिला. त्यात आयजीई प्रतिपिंडं त्वचेतल्या मास्ट पेशींना चेतवतात, त्यांच्यातून खाज-सूज आणणारं हिस्टामिन सुटतं, सगळं काही मिनिटांत. चौथ्या प्रकारात प्रतिपिंडांचा संबंधच नसतो. पूर्वीच्या संपर्कातून तो पदार्थ ओळखून ठेवलेल्या टी पेशी (एक प्रकारच्या पांढऱ्या रक्तपेशी) त्वचेत गोळा होतात आणि दाह पेटवतात. त्याला साधारण ४८ ते ७२ तास लागतात. म्हणून माझी आयजीई नॉर्मल होती आणि हिस्टामिन अडवणारी गोळी कुचकामी ठरत होती. हे ऐकून मला फार मोकळं वाटलं. इतकी वर्षं न जुळणारं सगळं एका वाक्यात जुळलं होतं.

मग नेमकी कशाची ॲलर्जी ते शोधायला पॅच टेस्ट. पाठीवर ॲल्युमिनियमच्या बारक्या वाट्या ओळीने चिकटवल्या: निकेल, केसांच्या कलपातलं पीपीडी, सिमेंटमधलं क्रोमेट, सुगंधी द्रव्यं, गाजर गवत. ४८ तास पाठीला पाणी लावायचं नाही, घाम येईल असं काम करायचं नाही. दुसऱ्या रात्री एकाच ठिकाणी अशी खाज सुटली की उशी कवटाळून पडून राहिलो.

पट्ट्या काढल्या तेव्हा दोन जागा लाल होत्या. निष्कर्ष मात्र पट्ट्या लावल्यापासून ९६ तासांनी, असं बाईंनी बजावलं. नुसती जळजळ झालेली जागा तोवर फिकी पडते, खरी ॲलर्जी वाढत जाते. तसंच झालं. निकेलचा डाग विरला. गाजर गवताच्या जागी मात्र कातडी फुगून वर आली होती आणि तिच्यावर पाण्याचे बारीक फोड होते.

हे गवत १९५५ च्या सुमारास पुण्यातच पहिल्यांदा नजरेत आलं. अमेरिकेतून आलेल्या गव्हाबरोबर ते इथे पोचलं, असं मानलं जातं. त्यातलं पार्थेनिन हे द्रव्य माझा शत्रू. रोप उपटायलाच हवं असं नाही, वाळलेल्या गवताचा भुगा हवेतून उडून पापण्यांवर, मानेवर बसतो.

आता बांधावरचं गवत फुलोऱ्यापूर्वी दुसऱ्याकडून उपटून घेतो, तेही ओलं असताना. शेतावर पूर्ण बाह्यांचा शर्ट, घरी आल्याबरोबर आंघोळ, कपडे वेगळे. त्रास वाढलाच तर मलम बाई सांगतील तेवढेच दिवस. शेवंतीही याच कुळातली, त्यामुळे तिच्यावरही त्वचा उसळू शकते. दारातल्या शेवंतीच्या कुंड्या शेजारच्या काकूंना दिल्या. तिथे आता अबोली लावली आहे.