एरर तरी द्यायची ना!

"दादा, या अपाचेने एरर तरी द्यायची ना!" बाणेरच्या ऑफिसात शेजारी बसणारी नवी मुलगी आज वैतागली. नवी साइट उघडायची, तर दरवेळी जुनीच समोर. होस्ट्स फाइलमध्ये (कुठलं नाव कुठल्या पत्त्यावर, याची यादी) साइटचं नाव १२७.०.०.१ ला, म्हणजे तिच्याच मशीनला, नीट जोडलेलं.

अपाचे, म्हणजे साइट्स पुरवणारा वेब सर्व्हर, असाच. मागितलेलं नाव कुठेच जुळलं नाही, की त्या पोर्टवरचा यादीतला पहिला व्हर्च्युअल होस्ट (एकाच सर्व्हरवरच्या अनेक साइट्सपैकी एकीची नोंद) बिनबोभाट पुढे करतो. वाड्यात भलतंच नाव विचारावं आणि पहिल्या खोलीतल्यांनी "या, बसा" म्हणावं तसं. (पुण्यात हे अवघडच म्हणा.)

अपाचेला ठाऊक असलेल्या होस्टची यादी दाखवणारी 'अपाचेसीटीएल -एस' ही कमांड चालवली. यादीत तिचा होस्टच नाही! तिच्या साइटची फाइल 'साइट्स-अव्हेलेबल' फोल्डरमध्ये होती, चालू साइट्सच्या 'साइट्स-एनेबल्ड'मध्ये नव्हती.

तिचं वाक्य मात्र डोक्यातून जाईना. ठणाणा करणारी चूक परवडते, हसतमुखाने दिलेलं चुकीचं उत्तर दुपार खातं. पहिला होस्ट म्हणून नुसता ४०४ ('सापडलं नाही' ही एरर) देणारा ठेवावा म्हणतोय. तुम्ही काय ठेवता?