चॅट सर्व्हर लिहिला आणि एका "नमस्कार"ने तो गप्प झाला

दोन वीकेंड घालवून पायथनमध्ये साधा चॅट सर्व्हर लिहिला. फ्रेमवर्क वगैरे काही नाही, नुसतं सॉकेट (नेटवर्कवर बोलायचं टोक) उघडायचं, पोर्ट (त्या टोकाचा नंबर) पकडायचा, कोणी जोडलं की त्याला एक थ्रेड (प्रोग्रॅममध्येच स्वतंत्र चालणारं काम) द्यायचा आणि त्याचा मेसेज बाकीच्यांना पाठवायचा. दोन टर्मिनलमध्ये हाय, हॅलो, टेस्ट टेस्ट केलं, मस्त पळत होतं, म्हटलं एवढंच असतं होय! मग ताईला तिच्या लॅपटॉपवरून घरच्याच वायफायवर जोडलं. आता ताई टाईप करते मराठीत, आणि तेही एका दमात अख्खा परिच्छेद. पहिल्याच मोठ्या मेसेजला युनिकोड डिकोड एरर, म्हणजे आलेल्या बाइटची अक्षरं जुळेनात, आणि तिचा थ्रेड आडवा.

झालं होतं असं की मी एका वेळी 1024 बाइट वाचून ते तसेच डिकोड करत होतो. यूटीएफ-8 मध्ये, म्हणजे अक्षरं बाइटमध्ये लिहायच्या पद्धतीत, इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीत प्रत्येक चिन्हाला तीन, आणि काना, वेलांटी, मोडलेला पाय हे सगळे वेगवेगळे मोजायचे. त्यामुळे 1024 वर कात्री पडली ती नेमकी एका अक्षराच्या पोटात. इंग्रजीतही बग हाच होता बरं का, फक्त तिथे मेसेजचे दोन तुकडे झाले असते आणि मला पत्ताही लागला नसता.

मला वाटायचं एकदा पाठवलं की समोर एकदाच मिळणार, पाकिटासारखं. पण टीसीपीला, म्हणजे नेटवर्कवर बाइट पोचवायच्या पद्धतीला, मेसेज ही भानगडच माहीत नाही, तो नळ आहे. बाइट क्रमाने येतील, पण दोन मेसेज चिकटून येतील की एक तीनदा तुटून येईल, काही सांगता येत नाही. कुठे काय संपतं ते आपणच ठरवायचं. आयआरसी, म्हणजे 1988 साली फिनलंडमध्ये यार्को ओइकारिनेनने सुरू केलेलं चॅट, त्यात ओळ संपली की मेसेज संपला, आणि मर्यादा 512 बाइटची. शेवटचे दोन बाइट ओळ संपल्याच्या खुणेचे, उरले 510, म्हणजे देवनागरीत 170 चिन्हं. ताईची त्यात प्रस्तावना पण होत नाही.

म्हणून मी दुसरा मार्ग घेतला, आधी चार बाइटमध्ये लांबी पाठवायची, मग मजकूर. आणि तिथे दुसरी माती खाल्ली! लांबी मोजली ती स्ट्रिंगची, म्हणजे चिन्हांची, बाइटची नाही. "नमस्कार" पायथनला 7 दिसतो, तारेवरून जातात 21 बाइट. सर्व्हरने 7 वाचले, न आला, म आला, स चा एकच बाइट आला, परत एरर. ती मी पकडून गिळली (नका करू असं) आणि लूप पुढे गेला, पुढचे चार बाइट त्याने नवीन लांबी म्हणून वाचले. आकडा आला 2763579557. म्हणजे सर्व्हर शांतपणे पावणेतीन जीबीच्या मेसेजची वाट बघत बसला, आणि मी तासभर वायफायला शिव्या देत होतो. आता आधी एन्कोड (मजकुराचे बाइट करणं), मग मोजणी, आणि लांबी 64 केबीच्या वर गेली की कनेक्शन सरळ बंद.

तिसरा प्रकार गमतीचा. ताई लॅपटॉप मिटून आत येऊन पोहे खात बसली होती आणि माझ्या यादीत अजून ऑनलाईन. समोरच्याने नीट निरोप घेतला नाही तर सर्व्हरला कळणार कसं? टीसीपीचा कीपअलाइव्ह, म्हणजे समोरचा अजून आहे का याची आपोआप चौकशी, चालू केला, तरी लिनक्सवर तो पहिली चौकशी करतो 7200 सेकंदांनी, दोन तासांनी! तोवर पोहे संपून चहा पण होतो. तो वेळ कमी करता येतो, पण मी सरळ स्वतःचं पिंग, म्हणजे "आहेस का?" असा छोटा मेसेज, टाकलं, दर 30 सेकंदांनी, आणि लागोपाठ दोनदा उत्तर नाही आलं की नाव यादीतून काढायचं.

आता ताईची उलटी तक्रार सुरू झालीये. मागच्या खोलीत वायफाय नीट पोचत नाही, त्यामुळे दर दहा मिनिटांनी आतून आवाज येतो, "अरे, परत काढलंस मला?"