खनिजाच्या वाटेने: डुइसबुर्गचा जुना लोखंड कारखाना कसा पाहावा

जर्मनीतल्या डुइसबुर्गच्या लांडशाफ्ट्सपार्कमध्ये, म्हणजे जुन्या लोखंड कारखान्याच्या जागी केलेल्या उद्यानात, येणारे बरेच जण आत शिरले की थेट पाच नंबरच्या झोतभट्टीच्या (गरम हवेच्या झोताने खनिजातून लोखंड काढणाऱ्या भट्टीच्या) जिन्याला लागतात. सुमारे सत्तर मीटर वर जायचं, चार फोटो काढायचे, उतरायचं आणि तासाभरात परत ट्रामच्या थांब्यावर. त्यांना उंची दिसते, कारखाना दिसतच नाही. हा कारखाना समजून घ्यायचा असेल तर खनिज ज्या वाटेने गेलं त्याच वाटेने चालावं: आधी साठवणीचे कप्पे, मग भट्टी, मग वितळलेलं लोखंड बाहेर काढायची ओतशाळा आणि शेवटी वायूचा माग. त्यासाठी निवांत चार तास हाताशी ठेवा.

पार्श्वभूमी थोडक्यात. उद्योगपती ऑगस्ट टिसेन यांनी १९०१ साली मायडरिश भागात या कारखान्याची पायाभरणी केली आणि १९०३ मध्ये इथून लोखंड निघायला लागलं. माल मुख्यतः बिडाचा, पण ओतकामवाल्यांना हव्या त्या घटकांचा, हव्या त्या प्रतीचा. मागाल तो काढा करून देणारं दुकान म्हणून रूर या कोळसा-पोलादाच्या भागात याला ‘औषधालय’ म्हणत. पाच भट्ट्यांपैकी १, २ आणि ५ या तीन आज उभ्या आहेत. युरोपात पोलाद गरजेपेक्षा जास्त व्हायला लागलं, उत्पादनाचे कोटे ठरले आणि एप्रिल १९८५ मध्ये शेवटची भट्टी विझली. पाडापाडीला आसपासच्या लोकांनी विरोध केला. पुढे एम्शर नदीच्या खोऱ्याचं रूप पालटण्याच्या मोठ्या योजनेत ही सुमारे १८० हेक्टर जागा आली, रचनेची स्पर्धा उद्यानरचनाकार पीटर लाट्झ यांनी जिंकली आणि १९९४ मध्ये उद्यान खुलं झालं.

लाट्झ यांनी गंज घासून काढला नाही, यंत्रांना रंग फासून त्यांचं प्रदर्शनही मांडलं नाही. जिने, पूल, कठडे आणि झाडं एवढंच नव्याने घातलं. जुनं ते जुनंच दिसतं आणि नवं ते नवं, म्हणून इथे यंत्रं वाचता येतात.

डुइसबुर्गच्या मुख्य स्थानकातून ९०३ नंबरची ट्राम, डिन्सलाकेनच्या दिशेची. थांब्याचं नावच लांडशाफ्ट्सपार्क-नोर्ड. तिथून एम्शरश्ट्रासेने थोडं चालावं लागतं. प्रवेशाला तिकीट नाही आणि आवार दिवसरात्र उघडं असतं. बूट सपाट आणि जाड तळव्याचे हवेत, कारण वरच्या जवळपास सगळ्या वाटा लोखंडी जाळीच्या आहेत. बारीक टाच जाळीत अडकते. किल्ल्या किंवा फोन हातातून सुटला तर जाळीतून खाली जातो, नाहीतर कठड्यावरून. दोन्ही वस्तू चेनच्या खिशात टाकूनच जिना चढा. कुत्री जाळीवर पाय ठेवायलाच तयार होत नाहीत, त्यांना खालच्या वाटेने न्यावं. उंचीची भीती नसलेल्यांनाही जाळीतून खालची जमीन दिसायला लागली की पोटात गोळा येतो. अशा वेळी नजर दहा पावलं पुढे ठेवली की बरं वाटतं.

सुरुवात साठवणीच्या कप्प्यांपासून. खनिज, कोक (कोळसा भाजून केलेलं इंधन) आणि चुनखडी इथे वेगवेगळी पडायची. काँक्रीटच्या जाडजूड भिंतींमध्ये करवतीने दारं कापली आहेत, त्यामुळे एका कप्प्यातून दुसऱ्यात जाता येतं. कुठे नेच्यांची बाग आहे, तर उघड्या भिंतींवर जर्मन अल्पाइन क्लबने प्रस्तरारोहणाच्या वाटा बसवल्या आहेत. कापलेल्या दारापाशी थांबून भिंतीची कड बघा: खडी, सिमेंट आणि मधे करवतीने चकचकीत कापलेली सळई. भार किती होता ते या कडेवरून कळतं. एक टन लोखंडाला ढोबळमानाने १.६ टन खनिज आणि अर्धा टन कोक लागतो. तो सगळा ढीग या भिंतींनी तोलून धरायचा.

काही कप्प्यांना मात्र दार नाही आणि ते मुद्दामच ठेवलेलं नाही. खनिजाची भुकटी भाजून गोळे करणारा विभाग इतका विषारी झाला होता की तो पाडावा लागला. तिथली दूषित माती कप्प्यांमध्ये भरून वरून बंद केली आणि त्यावर बागा केल्या. विष लांब दुसऱ्याच्या गावात नेऊन टाकण्यापेक्षा ते आहे तिथे, ठाऊक असलेल्या जागी बंद करणं मला जास्त प्रामाणिक वाटतं.

आता पाच नंबरची भट्टी. ही १९७३ सालची, तिघींत सगळ्यात नवी. चढताना थेट माथ्याकडे पळू नका. खालच्या टप्प्यावर भट्टीच्या पोटाभोवती एक जाड गोल नळ फिरलेला दिसेल. त्यातून तापलेली हवा भट्टीत शिरायची, १००० अंश सेल्सियसच्या वर. त्या नळाला खाली वाकलेल्या नळ्या फुटल्या आहेत, प्रत्येकीच्या टोकाला तांब्याची झोतनळी. ही टोकं आतून पाण्याने सतत थंड ठेवावी लागत, नाहीतर तांबं वितळून पाणी भट्टीत शिरायचं. म्हणूनच भट्टीच्या अंगावर बारीक पाइपांचं एवढं जाळं आहे. पाहणारे त्याला सजावट समजून पुढे जातात, पण भट्टीचा जीव त्या पाण्यावर होता.

वर जाताना थर कसे पडत ते डोळ्यांसमोर आणा: कोक, खनिज आणि चुनखडी, पुन्हा कोक. माल वरून खाली सरकतो, वायू खालून वर चढतो आणि वाटेत खनिजातला ऑक्सिजन ओढून घेतो. चुनखडी मातीचा अंश धरते आणि त्याची धातुमळी होते. माथ्यावरून हवा स्वच्छ असेल तर दूरवर ऱ्हाइनकाठच्या चालू पोलाद कारखान्यांची वाफ दिसते. इथे थंड पडलेली यंत्रं तिथे आजही तापलेली आहेत. पाऊस असेल तर उतरताना कठडा सोडू नका, ओल्या जाळीवर पाय घसरतो. गंजाचे डागही कपड्यांवरून निघत नाहीत, फिकट कापड घालून येऊ नये.

पायथ्याची ओतशाळा हा माझ्या मते सगळ्यात मोलाचा भाग, आणि लोक सगळ्यात कमी वेळ इथेच देतात. भट्टीच्या बुडाशी एक भोक, त्याच्यासमोर दोन यंत्रं. एक भोक पाडायचं, दुसरं ते मातीच्या गोळ्याने बुजवायचं. बुजवणाऱ्या यंत्राला तोफ म्हणतात आणि दिसतंही तसंच. भोक वेळेवर बुजलं नाही तर धातू संपल्यावर आतला वायू आणि पेटता कोक बाहेर उसळतो, म्हणून ही तोफ कायम सज्ज लागे. जमिनीतल्या मुख्य पाटाचा माग काढत चला. थोड्या अंतरावर पाट दुभंगतो आणि तिथे आडवा बांध आहे. धातुमळी हलकी, ती वर तरंगते आणि बांधाला अडून बाजूच्या पाटात वळते. लोखंड जड, ते बांधाखालून सरळ पुढे जातं. सुमारे १५०० अंशांवरचे दोन द्रव वेगळे करायला कुठलंही यंत्र नाही, फक्त वजनातला फरक आणि एक बांध. पाटाच्या तळाशी बोट फिरवलं तर वाळूचा कण आणि गोठलेल्या धातूचा गुळगुळीतपणा दोन्ही हाताला लागतात.

जुन्या भट्टीच्या ओतशाळेला सरकतं छप्पर बसवलंय आणि उन्हाळ्यात तिथे रात्री चित्रपट दाखवतात.

इथून वायूचा माग धरा. भट्टीच्या माथ्यातून निघालेला वायू खाली उतरणाऱ्या जाड नळातून आधी धूळ खाली बसवायच्या टाकीत, मग धुवायला जायचा. त्यात पाचवा हिस्सा किंवा त्याहून थोडा जास्त कार्बन मोनॉक्साइड असतो. रंग नाही, वास नाही, म्हणजे गळती झाली तर नाकाला पत्ताच लागत नाही. पण तो जळतो, म्हणून फुकट सोडत नसत. एक भाग उंच गोल तापकांमध्ये जाळायचे. आतल्या विटा लाल झाल्या की वायू बंद करून त्याच विटांमधून हवा सोडायची, ती तापून पुन्हा भट्टीत. एक तापक तापत असताना दुसरा हवा देतो, म्हणून ते नेहमी जोडीने किंवा तिघांच्या रांगेत दिसतात. म्हणजे भट्टीचाच वायू भट्टीचा वारा तापवायचा. हे चक्र ध्यानात आलं की आवारातल्या नळांचा गुंता आपोआप सुटतो. एक नळ निवडा आणि तो कुठून निघून कुठे जातो ते शेवटपर्यंत पाहा.

उरलेला वायू टाकीत साठायचा. ती टाकी आता पाण्याने भरली आहे. व्यास ४५ मीटर, पाणी १३ मीटर खोल. गुणाकार केला तर दोन कोटी लिटरच्या थोडं वर जातं. आत पाणबुडे सराव करतात, तळाशी त्यांच्यासाठी कृत्रिम खडकही आहे. बुडी मारायची असेल तर आधी नोंदणी करा. नुसतं बघायला गेलात तर बाहेरून पत्र्याची भिंतच दिसेल.

पूर्वीच्या वीजघराचं १७० मीटर लांब दालन आणि झोताचा वारा करणारं दालन, दोन्हीकडे आता संगीत आणि नाटकं होतात. रूरट्रिएनाले महोत्सवाचे प्रयोगही होतात. कार्यक्रम नसेल तर ही दालनं सहसा कुलूपबंद असतात. आतून पाहायची असतील तर कार्यक्रमाचं तिकीट काढून त्याच दिवशी या, किंवा वाटाड्यासोबतच्या फेरीत नाव द्या.

वाटेत लागणारी जुनी एम्शर पूर्वी सांडपाण्याचा उघडा नाला होती. कोळशाच्या खाणींमुळे जमीन खचायची, भूमिगत गटारं फुटायची, म्हणून घाण उघड्यावरून वाहायची. आता सांडपाणी जमिनीखालच्या साडेतीन मीटर व्यासाच्या नळातून जातं आणि वरच्या पाटात छपरांवरचं पावसाचं पाणी येतं.

शेवट पियाझ्झा मेटालिकावर करा. बिडाच्या ४९ चौरस लाद्या, सात बाय सात मांडलेल्या, प्रत्येकी २.२ मीटर बाजूच्या आणि सात-आठ टन वजनाच्या. कारखान्यात त्यांच्यावर वितळलेला धातू ओतला जायचा. सगळ्या सारख्या दिसतात, पण गुडघे टेकून पाहिलं की फरक कळतो: एकीवर लाटेसारखे चर, दुसरीवर फोडांसारखे खळगे, तिसरीची कड खाल्लेली. लाट्झ यांनी त्या धुऊन मांडल्या, पुढचा गंज हवेवर सोडला. संध्याकाळी ऊन तिरकं झालं की हे खळगे सावल्या धरतात, भरदुपारी सगळं सपाट दिसतं. म्हणून इथे पोचायची वेळ सूर्यास्ताच्या तासभर आधीची ठेवा. १९९६ मध्ये प्रकाशरचनाकार जोनाथन पार्क यांनी केलेली भट्ट्यांवरची रंगीत रोषणाई अंधार पडल्यावर दिसते. ती रोज नसते, दिवस आधी तपासून घ्या, आणि परतीच्या ट्रामची वेळही.