हाल होतात, कष्ट करतात, खस्ता खातात

शाळेच्या सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेचे लेख जमू लागले की मुद्रितशोधकाच्या टेबलावर एक शब्द हमखास येऊन पडतो, तो म्हणजे 'हालअपेष्टा'. संस्थापकांनी काढलेल्या, पहिल्या शिक्षकांनी सोसलेल्या, इमारत नव्हती तेव्हा मुलांनी भोगलेल्या. एखाद्या लेखात 'हालअपेष्टा केल्या' असंही सापडतं. शाळेने जे मराठी शिकवलं त्यावरच पुढे पोट भरलं, म्हणून आठवणींऐवजी या शब्दांचंच टिपण देतो.

आधी क्रियापद बघावं. कष्ट करतात, घेतात, उपसतात. उपसतात ते विहिरीतल्या पाण्यासारखे, संपत नाहीत म्हणून. 'त्यांनी कष्ट केले' यात माणूस कर्ता आहे, आणि त्यामुळेच कष्टकरी, कष्टाळू, कष्टाची भाकरी हे शब्द मराठीत मान वर करून चालतात. 'त्यांचे हाल झाले' म्हटलं की माणूस षष्ठीत जाऊन बसतो, त्याच्या हातात काही उरत नाही. 'संस्थापकांनी शाळेसाठी हाल केले' असं लिहिलं तर वाचणारा विचारेल, कुणाचे? मूळ अरबीत 'हाल' म्हणजे नुसती स्थिती. हालहवाल विचारताना तो अर्थ अजून शिल्लक आहे. पण 'हाल झाले' असा अनेकवचनी आला की ती स्थिती वाईटच, अगदी हाल कुत्रा खात नाही इथपर्यंत.

खस्ता मात्र फक्त खाल्ल्या जातात. 'खस्ता सोसल्या', 'खस्ता काढल्या' कानाला खटकतं. शिवाय त्या बहुधा कुणासाठी तरी असतात : मुलांसाठी, संसारासाठी, संस्थेसाठी. स्वतःच्या बढतीसाठी कुणी खस्ता खात नाही, तिथे मेहनत घेतात. फारसीत या शब्दाचा अर्थ थकलेला, जखमी. हिंदीत तोच कचोरीला लागला.

सगळ्यात सोशिक शब्द 'परिस्थिती'. कोशातला अर्थ साधा, आजूबाजूची अवस्था. बोलण्यात 'घरची परिस्थिती नव्हती' म्हटलं की पुढे काही विचारायचं नसतं. 'परिस्थितीमुळे शाळा सुटली' यात गरिबी हा शब्द न उच्चारता सांगून होतो, आणि सांगणाऱ्याची अब्रूही राहते. बेताची, हलाखीची, नाजूक अशी विशेषणं लागतात. 'गरीब परिस्थिती' लिहू नये, गरीब माणूस असतो. आणि हल्ली सगळ्यांच्या लेखात 'संघर्ष' आला आहे. संघर्षाला समोर प्रतिपक्ष लागतो. रोज पाच मैल चालत शाळेत येणं ही पायपीट. रस्त्याशी कुणाचं भांडण नव्हतं.

दुष्काळ, कचेऱ्या, एसटी यांच्या बातम्या लिहिणाऱ्यांनी या शब्दांच्या जागा नेमून ठेवल्या आहेत. पाण्यासाठी वणवण होते, दाखल्यासाठी हेलपाटे घालावे लागतात, घर आणि नोकरी सांभाळताना कुतरओढ होते. आबाळ आणि हेळसांड यांतला फरक पाळावा. आई आजारी पडली म्हणून मुलांच्या जेवणाची आबाळ झाली, यात दोष कुणाचा नाही. रुग्णाची हेळसांड झाली म्हटलं की कुणीतरी कर्तव्यात चुकलं, असा आरोप होतो. या एका शब्दावरून बातमीला खुलासा मागवला जाऊ शकतो.

शरीराच्या दुखण्यात तर मराठी फार काटेकोर आहे, आणि डॉक्टरपुढे आपण 'त्रास होतोय' एवढंच म्हणून गप्प बसतो. संस्कृतात त्रास म्हणजे भीती. मराठीत तो इतका सैल झाला की पित्ताचाही होतो आणि शेजाऱ्यांचाही. त्याऐवजी नेमकं सांगावं. दाढ ठणकते, म्हणजे नाडीच्या ठोक्याबरोबर दुखते. पू धरलेलं गळू ठसठसतं. खरचटलेलं चुरचुरतं, मिरची झोंबते, आत राहिलेला काटा सलतो. भाजून नवी कातडी आलेली जागा हुळहुळते, तिला कपड्याचा स्पर्शही नको होतो. पाठीत चमक भरते ती एकदम, पायांना रग लागते ती दिवसभर उभं राहिल्यावर. पोटात कळा येतात, म्हणजे येतात आणि जातात. सलग दुखत असेल तर त्याला कळा म्हणू नये, कारण ऐकणारा त्यावरून वेगळं निदान धरील. बाळंतपणाच्या त्याच कळांना वेणाही म्हणतात.

राहिलं शुद्धलेखन. दुःख, दुःखी, दुःखद यांत विसर्ग आहे. दुखणे, दुखापत, दुखावणे, दुखवटा यांत नाही. 'मन दुःखावले' ही चूक छापील मजकुरातही भेटते. 'दुःखद निधन' टाळावं, निधन सुखद नसतंच. आणि टंकताना विसर्गाच्या जागी अपूर्णविरामाचे दोन ठिपके देऊ नयेत. कागदावर फरक दिसत नाही, पण संगणकाला 'दु' आणि 'ख' असे दोन तुकडे दिसतात आणि शोधायला गेलं तर शब्द सापडत नाही. देवनागरी टंकायच्या इनस्क्रिप्ट कळफलकावर शून्याच्या उजवीकडची, संयोगचिन्हाची कळ शिफ्टसह दाबली की खरा विसर्ग उमटतो.