उलटी बाजू आधी दाखव

नॉर्वेतल्या ट्रॉनहाइममध्ये हिवाळ्यात कुठल्याही बसमध्ये चढा, कुणाच्या ना कुणाच्या मांडीवर विणकाम दिसतंच. कधी कॉलेजची मुलगी, कधी ड्युटीवरून परतणारी नर्स, एखादे निवृत्त गृहस्थसुद्धा. इथल्या शाळांत कला आणि हस्तकला हा विषय मुलगे-मुली दोघांनाही सक्तीचा आहे, त्यामुळे सुया हातात घेतलेल्या पुरुषाकडे कुणी वळून बघत नाही. पाळणाघरातून सामानाची यादी येते तिच्यात मुलाने आतून घालायचे लोकरीचे कपडे असतात. नोव्हेंबर २०१३ मध्ये तर एनआरके या इथल्या सार्वजनिक वाहिनीने अख्खी रात्र विणकामाला देऊन टाकली होती. मेंढीची लोकर कातरण्यापासून स्वेटर पुरा होईपर्यंत सगळं थेट प्रक्षेपण! जागतिक विक्रम मोडायचा बेत होता. तो काही मोडला नाही, पण लोक मात्र बघत बसले.

डिसेंबरात इथला दिवस जेमतेम साडेचार तासांचा. अंधार दाटला की आमच्या भागातल्या वाचनालयात विणणारी मंडळी जमतात. फी नाही, नावनोंदणी नाही. कॉफीचा थर्मास, टेबलावर लोकरीचे गुंडे आणि प्रत्येकाच्या पिशवीत अर्धवट काम. ते अर्धवट असणंच मला फार मोलाचं वाटतं. पूर्ण झालेला स्वेटर आणला तर सगळे "छान झालाय" म्हणतात आणि विषय संपतो. सुईवरचं काम आणलं तर लोक खुर्ची जवळ ओढतात, बोट लावून बघतात, कुठे वीण घट्ट झालीय ते सांगतात, आपली क्लृप्ती दाखवतात.

तिथे ऐंशीच्या घरातल्या एक आजी येतात. या देशात वय काहीही असो, सगळे एकमेकांना एकेरीत नावानेच हाक मारतात. मला अजून ते जड जातं, मी मनातल्या मनात आजीच म्हणते. कुणीही काम पुढे केलं की त्यांचं पहिलं वाक्य ठरलेलं: "उलटी बाजू आधी दाखव." हातमोजा उलटा करून त्या मागचे धागे अंगठ्याने हलकेच दाबत जातात. नजर बाहेरच्या नक्षीवर जायच्या आधीच त्यांना कळलेलं असतं की कुठली ओळ ओढली जाणार आहे.

सध्या माझ्या सुयांवर आहेत सेलबूचे हातमोजे. अंगठा वेगळा, बाकी चार बोटं एकत्र, पांढऱ्यावर काळं नक्षीकाम आणि पाठीवर आठ पाकळ्यांचं मोठं फूल. सेलबू हे ट्रॉनहाइमच्या आग्नेयेला, तळ्याकाठचं गाव. १८५७ मध्ये तिथल्या मारित गुल्दसेतब्रुआ नावाच्या किशोरवयीन मुलीने दोन रंगांत असे हातमोजे विणले आणि ते घालून ती चर्चमध्ये गेली, असं सांगतात. गावाने ते बघितले आणि उचलले. पुढे लग्नात वऱ्हाडी मंडळींना नवरीकडून असेच विणलेले जिन्नस भेट द्यायची रीत पडली. १९३४ साली गावात हस्तकलेचं विक्री केंद्र उभं राहिलं, हातमोजे दूरदूर जाऊ लागले, आणि आज गावाच्या मानचिन्हावरही ही फुलं आहेत. आठ पाकळ्यांची आकृती युरोपात त्याआधीही होती. सेलबूच्या बायकांनी ती हातमोज्यावर इतकी नेमकी बसवली की ती त्यांच्याच गावाच्या नावाने ओळखली जाते. एका मुलीचं काम दुसरीने जवळून बघितलं आणि घरी जाऊन करून पाहिलं, एवढ्यावर हे सगळं उभं आहे, याचं मला खरोखर अप्रूप वाटतं.

आता थोडं हातातल्या कामाबद्दल, कारण आई आणि मावशी दोघी विचारत आहेत, आणि तुमच्यापैकीही काही जणी विणत असाल.

दुरंगी वीण गोलात, पाच बारीक सुयांवर चालते. त्यामुळे सगळ्या ओळी सुलट, उलट टाका घालायची वेळ जवळजवळ येत नाही. प्रत्येक ओळीत दोन्ही रंग बरोबर चालतात. जो रंग त्या टाक्यात नको तो मागून मोकळा जातो. आत धाग्यांचा दुसरा थर तयार होतो आणि हातमोजा दुप्पट ऊबदार होतो. नक्षी दिसायला सुंदर आहेच, पण ती या थंडीची गरजसुद्धा आहे.

खरी मेख आहे धागे धरण्यात. आपल्याकडे बहुतेक जणी धागा उजव्या हाताने सुईवरून टाकतात. इथे धागा डाव्या तर्जनीवर असतो आणि सुईच्या टोकाने ओढून घेतात. सराईत बायका तर दोन्ही रंग त्याच बोटावर खेळवतात. मी दोन्ही पद्धती एकत्र केल्या आहेत: पांढरा उजव्या हातात, मावशीने शिकवला तसा, काळा डाव्या बोटावर, इथला. यात फायदा असा की डाव्या हातातला धागा मागून नेहमी खालून जातो, आणि खालून जाणाऱ्या धाग्याचे टाके किंचित मोठे पडून उठून दिसतात. म्हणून फुलाचा रंग डावीकडे, पार्श्वभूमीचा उजवीकडे. एकदा ठरवलं की हातमोज्याची जोडी पूर्ण होईपर्यंत हात बदलायचे नाहीत. मध्येच बदललात तर त्या ओळीपासून फूल फिकट दिसायला लागतं, नक्षीचा ग्राफ अचूक असूनही.

दुसरी गोष्ट, मागचे मोकळे धागे. रंग बदलायच्या आधी उजव्या सुईवरचे टाके बोटांनी पसरून घ्या, मग नवा रंग घ्या. तसं केलं नाही तर धागा आखूड पडतो आणि वीण चुण्या पडून आक्रसते. एका रंगाचे पाचाहून जास्त टाके सलग आले, तर मागचा धागा मध्ये एकदा अडकवून घ्यायचा, नाहीतर घालताना बोटं त्यात गुंततात. अडकवायची जागा मात्र दर ओळीला सरकवायची. एकावर एक आल्या तर पांढऱ्यातून काळी रेघ डोकावते. आजी अंगठ्याने शोधतात ती हीच रेघ.

सध्याची प्रगती: उजवा हातमोजा पुरा झालाय. डावा अंगठ्यापर्यंत आलाय. अंगठ्याचे टाके वेगळ्या रंगाच्या धाग्यावर काढून ठेवलेत आणि फुलाच्या खालच्या पाकळ्या नुकत्या मिटल्यात. सुईवर असताना वीण थोडी खडबडीत दिसते, त्याने घाबरू नका. पुरं झालं की कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटं बुडवून ठेवायचं, न पिळता टॉवेलमध्ये गुंडाळून दाबायचं आणि सपाट वाळवायचं. टाके आपापल्या जागी बसतात. उजव्याचं तसं झालंय, तो बघून मी अजून खूश आहे.

हे करताना मला डोंबिवलीच्या लोकलचा लेडीज डबा सारखा आठवतो. तिथेही गुडघ्याला गुडघा लावून बसलेल्या बायका क्रोशाचे रुमाल करत असतात, आणि समोरची ओळख नसलेली बाई सहज विचारते, "हे टोक कसं वळवलंत हो?" दोन स्टेशनांच्या मध्ये ती शिकूनही घेते. आणि दुरंगी वीण भारताला परकी नाहीच. हिमाचलात लाहौलच्या बायका रंगीत नक्षीचे मोजे आणि हातमोजे विणतात, त्यांना भौगोलिक मानांकनही मिळालं आहे. कुणी मनालीकडे गेलात तर ते विकत घ्या, आणि घ्यायच्या आधी उलटे करून नक्की बघा. मागचे धागे कसे चालवलेत ते कळलं की अर्धी विद्या हाती आली.

पुण्या-मुंबईत बसून करून बघायचं असेल तर हातमोज्याने सुरुवात करू नका. अंगठा नवख्याला दमवतो. डोक्याला बांधायची पट्टी किंवा लहान मुलाची टोपी घ्या. खरी लोकर घ्या, गुळगुळीत ॲक्रिलिक नको, कारण लोकरीचे तंतू एकमेकांना धरून ठेवतात आणि मागचे धागे सरकत नाहीत. गडद आणि फिका असे दोनच रंग. चार बोटं उंचीचं विणून झालं की सुईवर असतानाच दोन्ही बाजूंचे फोटो मला पाठवा. उलट्या बाजूचा आधी.